ईएफ नॉर्मल आला म्हणजे हृदय बरं झालं का? कार्डिओमायोपॅथीच्या रुग्णांचं पुढचं आयुष्य कसं असतं?

इकोचा नवा रिपोर्ट हातात पडतो. वर्षभरापूर्वी त्यावर 'ईएफ २५ टक्के' असं लिहिलेलं होतं, आता ५५ टक्के लिहिलंय. जिना चढताना लागणारी धाप गेली, पायांवरची सूज उतरली, रात्री दोन-तीन उशा घेऊन बसल्यासारखं झोपावं लागत नाही. घरात आनंद असतो. आणि मग हृदयरोगतज्ज्ञांच्या केबिनमध्ये ठरलेला प्रश्न येतो : "डॉक्टर, आता गोळ्या बंद केल्या तर चालतील ना?"

अनेक जण हा प्रश्न विचारतही नाहीत. बरं वाटतंय, मग कशाला रोज मूठभर गोळ्या खायच्या, असं म्हणून ते परस्पर गोळ्या थांबवतात.

या प्रश्नाचं उत्तर बरीच वर्षं डॉक्टरही ठामपणे देऊ शकत नव्हते. बरं झालेल्या हृदयाला औषधांची गरज उरते का, हे कुणी नीट तपासून पाहिलंच नव्हतं. ते लंडनमधल्या एका छोट्या चाचणीत तपासलं गेलं आणि उत्तर अनेकांना हादरवणारं निघालं.

कार्डिओमायोपॅथी झालेल्या रुग्णाचं पुढचं आयुष्य कसं असतं, ते कशावर ठरतं आणि गोळ्यांचा प्रश्न इतका महत्त्वाचा का आहे, हे समजून घेऊया.

अँजिओग्राफी नॉर्मल, तरी हृदय कमजोर?

हृदयविकार म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ब्लॉकेज येतं. रक्तवाहिनी तुंबते, हार्ट अटॅक येतो, मग स्टेंट किंवा बायपास.

कार्डिओमायोपॅथीचं तसं नाही. 'कार्डिओ' म्हणजे हृदय, 'मायो' म्हणजे स्नायू आणि 'पॅथी' म्हणजे आजार. इथे बिघाड रक्तवाहिन्यांमध्ये नसतो, तर हृदय ज्या मांसल स्नायूचं बनलेलं आहे त्या स्नायूतच असतो. म्हणूनच अनेक रुग्णांची अँजिओग्राफी स्वच्छ येते. 'ब्लॉकेज नाही' हे ऐकून घरचे सुटकेचा श्वास सोडतात. पण ब्लॉकेज नसणं आणि हृदय निरोगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या आजाराचे काही प्रकार आहेत. सर्वांत जास्त आढळणाऱ्या दोन प्रकारांपैकी एकात स्नायू गरजेपेक्षा जाड होतो. त्याला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी म्हणतात. दुसऱ्यात हृदयाचा डावा कप्पा फुग्यासारखा ताणला जातो, भिंती कमजोर होतात आणि हृदयाला जोर लावून रक्त बाहेर ढकलता येत नाही. ही डायलेटेड कार्डिओमायोपॅथी, म्हणजेच डीसीएम. हार्ट फेल्युअर होण्यामागे आणि हृदय प्रत्यारोपणाची वेळ येण्यामागे डीसीएम हे जगभरातलं एक मोठं कारण आहे.

या लेखात मुख्यतः डीसीएमबद्दल बोलूया, कारण गोळ्या बंद करण्याचा प्रश्न सर्वांत जास्त इथेच येतो.

ईएफ ३० म्हणजे हृदय ३० टक्केच चालतंय का?

नाही. रिपोर्टवरचा हा आकडा बघून घाबरणाऱ्यांची संख्या मोठी आहे, म्हणून हे आधी स्पष्ट करायला हवं.

ईएफ म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन. हृदयाचा डावा कप्पा रक्ताने भरल्यावर एका ठोक्यात त्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो, याचं हे माप आहे. निरोगी हृदयसुद्धा सगळं रक्त बाहेर टाकत नाही. साधारण ५५ ते ७० टक्के ईएफ हा नॉर्मल समजला जातो. म्हणजे ईएफ १०० कुणाचाच नसतो आणि ईएफ ३० असलेलं हृदय '७० टक्के निकामी' झालेलं नसतं.

४० किंवा त्यापेक्षा कमी ईएफ असेल तर पंप कमजोर झाला असं डॉक्टर मानतात. पण हा आकडा कायमचा कोरलेला नसतो. उपचारांनी तो वर जातो, उपचार थांबले की खाली येऊ शकतो. शिवाय वेगवेगळ्या ठिकाणी केलेल्या इकोमध्ये पाच टक्क्यांचा फरक सहज पडतो. त्यामुळे ४० चा ३७ झाला म्हणून लगेच धसका घेण्याचं कारण नसतं.

एकेकाळी हे निदान म्हणजे काय होतं?

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९८१ साली डीसीएमच्या १०४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या रुग्णांचं निदान १९६० ते १९७३ या काळात झालं होतं. त्यांपैकी ७७ टक्के रुग्ण दगावले होते आणि त्यातले दोनतृतीयांश मृत्यू पहिल्या दोन वर्षांतच झाले होते.

त्या काळात डॉक्टरांच्या हातात फारसं काही नव्हतं. अंगातलं पाणी कमी करायला लघवीची गोळी, डिजॉक्सिन आणि भरपूर विश्रांती. इंटरनेटवर या आजाराबद्दल शोधल्यावर 'पाच वर्षांत निम्मे रुग्ण दगावतात' अशा धर्तीची जी वाक्यं आजही सापडतात, ती बऱ्याचदा या जुन्या काळाची सावली असते.

चित्र बदलायला सुरुवात झाली ती १९८७ मध्ये. स्वीडन, नॉर्वे आणि फिनलंडमध्ये गंभीर हार्ट फेल्युअर असलेल्या २५३ रुग्णांवर एनालाप्रिल या रक्तदाबाच्या औषधाची चाचणी झाली. सहा महिन्यांत नुसती नकली गोळी घेणाऱ्यांपैकी ४४ टक्के रुग्ण दगावले, एनालाप्रिल घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण २६ टक्के होतं. एका साध्या गोळीने इतका फरक पडू शकतो, हे पहिल्यांदाच दिसलं.

पुढचं दशक बीटा ब्लॉकर औषधांचं होतं. हृदय कमजोर असताना त्याचा वेग कमी करणारी गोळी द्यायची, ही कल्पनाच आधी डॉक्टरांना उलटी वाटायची. पण १९९९ मध्ये बायसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉल यांच्या मोठ्या चाचण्यांमध्ये मृत्यूंचं प्रमाण सुमारे एकतृतीयांशाने घटलं. त्याच वर्षी स्पायरोनोलॅक्टोन या जुन्या, स्वस्त औषधानेही ते ३० टक्क्यांनी कमी केलं.

याचा एकत्रित परिणाम इटलीतल्या ट्रिएस्ट शहरात दिसतो. तिथे डीसीएमच्या रुग्णांची नोंद १९७८ पासून ठेवली जाते. पहिल्या दशकात नोंदवलेल्या रुग्णांपैकी सुमारे ५५ टक्के रुग्ण प्रत्यारोपणाशिवाय आठ वर्षांनंतर हयात होते. १९९८ ते २००७ मध्ये नोंदवलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ८७ टक्क्यांवर गेलं.

आजार तोच राहिला. फरक पडला तो निदान लवकर होण्याने आणि औषधं नियमित घेण्याने.

रोजच्या त्या चार गोळ्या नेमकं काय करतात?

पंप कमजोर झाला की शरीर घाबरतं. रक्तदाब टिकवण्यासाठी ते ताणाची संप्रेरकं सोडतं, मीठ आणि पाणी धरून ठेवतं, हृदयाचे ठोके वाढवतं. थोड्या वेळासाठी हे उपयोगी असतं. पण महिनोन्‌महिने असंच चाललं तर थकलेल्या बैलाला चाबूक मारत राहिल्यासारखी हृदयाची गत होते. तो स्नायू आणखी ताणला जातो.

आजचे उपचार हा चाबूक थांबवतात. त्यासाठी चार गटांतली औषधं वापरली जातात :

- रक्तवाहिन्या सैल करून हृदयावरचा भार कमी करणारी औषधं. एनालाप्रिल, रामिप्रिल किंवा त्यांच्या जागी आता दिलं जाणारं सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन.
- बीटा ब्लॉकर. बायसोप्रोलॉल, मेटोप्रोलॉल सक्सिनेट, कार्व्हेडिलॉल.
- स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन.
- डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन.

इथे एक मोठा घोळ होतो. पहिल्या दोन गटांतल्या गोळ्या 'बीपीच्या' म्हणून ओळखल्या जातात आणि चौथ्या गटातल्या 'शुगरच्या'. रुग्णाला मधुमेह नसतो, बीपीही वाढलेलं नसतं. मग शेजारचे किंवा कुटुंबातलं कुणीतरी गोळीचं नाव गूगल करतं आणि म्हणतं, "तुला शुगर नाही, मग ही गोळी कशाला?" गोळी बंद होते.

प्रत्यक्षात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत डॅपाग्लिफ्लोझिनमुळे हार्ट फेल्युअर बळावण्याचा किंवा हृदयविकाराने मृत्यू होण्याचा धोका २६ टक्क्यांनी कमी झाला. हा फायदा मधुमेह असलेल्यांना झाला, तसाच नसलेल्यांनाही झाला. त्यामुळे हृदयरोगतज्ज्ञ ही गोळी हृदयासाठीच देतात.

चारही गट एकत्र घेतले तर किती फरक पडतो? २०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एका अभ्यासाने जुन्या चाचण्यांच्या आधारे याचा अंदाज बांधला. जुन्या पद्धतीच्या दोन औषधांच्या तुलनेत नवे उपचार पूर्ण मिळाले तर ५५ वर्षांच्या रुग्णाचं आयुष्य सुमारे सहा वर्षांनी वाढू शकतं, असा तो अंदाज होता. ५५ वर्षांच्या माणसासाठी सहा वर्षं म्हणजे मुलांची लग्नं, नातवंडांची शाळा.

मग बरं झाल्यावर गोळ्या बंद केल्या तर?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊया.

लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी डीसीएमचे ५१ रुग्ण निवडले. हे सगळे 'बरे झालेले' होते. एकेकाळी त्यांचा ईएफ ४० च्या खाली होता, आता तो ५० किंवा त्याच्या वर होता. हृदयाचा आकार पूर्ववत झाला होता, त्रास काहीच नव्हता, रक्ततपासणीही चांगली होती. इकोचा रिपोर्ट बघून कुणीही म्हणालं असतं की हा माणूस ठणठणीत आहे.

त्यांचे दोन गट केले. २५ जणांच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने कमी करत थांबवल्या. २६ जणांच्या चालू ठेवल्या.

सहा महिन्यांत काय झालं? गोळ्या चालू असलेल्या २६ पैकी एकाचाही आजार उलटला नाही. गोळ्या थांबवलेल्या २५ पैकी ११ जणांचा उलटला, म्हणजे ४४ टक्के. नंतर दुसऱ्या गटातल्या जवळपास सगळ्यांच्या गोळ्या थांबवून पाहिल्या, तेव्हा त्यांच्यातही एकतृतीयांशाहून जास्त लोकांचं हृदय पुन्हा कमजोर होऊ लागलं.

या चाचणीत कुणाचा मृत्यू झाला नाही, कारण सगळ्यांवर बारीक लक्ष होतं आणि बिघाड दिसताच औषधं पुन्हा सुरू केली गेली. पण घरी बसून स्वतःच गोळ्या थांबवणाऱ्याला ही सोय नसते. त्याला कळतं तेव्हा बहुतेकदा पुन्हा धाप लागलेली असते.

'टीआरईडी-एचएफ' या नावाने ओळखली जाणारी ही चाचणी नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर झाली. त्यानंतर डॉक्टरांची भाषाच बदलली. आता अशा रुग्णाबद्दल 'बरा झाला' असं म्हणण्याऐवजी 'आजार दबलेला आहे' असं म्हटलं जातं. अमेरिकेतल्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ईएफ सुधारला आणि त्रास नसला तरी औषधं चालूच ठेवायची आहेत.

चष्मा लावल्यावर स्पष्ट दिसतं. म्हणून डोळे बरे झाले असं समजून कुणी चष्मा फेकत नाही. नॉर्मल आलेल्या ईएफचंही तसंच आहे. तो बहुतेकदा औषधं चालू असतानाचा ईएफ असतो.

अर्थात चाचणी लहान होती आणि गोळ्या थांबवूनही निम्म्याहून जास्त लोक त्या सहा महिन्यांत ठीक राहिले, हेही खरं. पण कोण ठीक राहील आणि कुणाचं हृदय पुन्हा ढासळेल, हे आधी सांगण्याची खात्रीची पद्धत आज उपलब्ध नाही.

कुणाचं हृदय सावरतं, कुणाचं नाही?

डीसीएम हे एकाच आजाराचं नाव नाही. वेगवेगळ्या वाटांनी येऊन हृदय ज्या एका अवस्थेला पोहोचतं, तिचं हे नाव आहे. म्हणून 'या आजारात माणूस किती जगतो' या प्रश्नाला एकच आकडा हे उत्तर नसतं. आधी विचारायचा प्रश्न वेगळा असतो : कशामुळे झालं?

बाळंतपण : गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात किंवा बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांत काही स्त्रियांचं हृदय अचानक कमजोर होतं. धाप आणि पायांची सूज ही लक्षणं बाळंतपणात नेहमीचीच समजली जातात, त्यामुळे निदानाला उशीर होतो. आडवं झाल्यावर श्वास कोंडत असेल तर ते नेहमीचं नाही. वेळेवर उपचार मिळाले तर यातून सावरण्याचं प्रमाण चांगलं आहे. अमेरिकेतल्या एका अभ्यासात वर्षभरात सुमारे ७० टक्के स्त्रियांचा ईएफ ५० च्या वर आला. पण पुढच्या गरोदरपणात आजार उलटण्याचा धोका असतो. शिवाय रामिप्रिल, सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन यांसारखी औषधं गरोदरपणात चालत नाहीत. त्यामुळे दुसऱ्या मुलाचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांशी बोलूनच घ्यायला हवा.

दारू : वर्षानुवर्षं भरपूर दारू पिण्याने स्नायू कमजोर होतो. दारू पूर्ण सुटली तर हृदय बऱ्याच प्रमाणात सावरू शकतं. ती चालू राहिली तर गोळ्यांचा उपयोग मर्यादित होतो.

हृदयाचे अतिवेगवान ठोके : ठोके आठवडे किंवा महिने सतत वेगाने पडत राहिले तरी हृदय थकून फुगतं. ठोक्यांचा दोष दुरुस्त झाला की बहुतेक रुग्णांचा ईएफ सुधारतो.

कॅन्सरची औषधं : डॉक्सोरुबिसिनसारख्या केमोथेरपीचा परिणाम हृदयावर होऊ शकतो, कधीकधी काही वर्षांनीही. लवकर लक्षात आलं तर फरक पडतो, म्हणून कॅन्सरच्या उपचारांत मध्ये मध्ये इको करायला सांगतात.

जनुकीय दोष : टायटिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातला दोष हे डीसीएमचं सर्वांत जास्त आढळणारं जनुकीय कारण आहे. अशा अनेक रुग्णांना औषधांचा चांगला गुण येतो. उलट लॅमिन नावाच्या जनुकात दोष असेल तर ईएफ फारसा घसरलेला नसतानाही ठोक्यांचे जीवघेणे बिघाड होऊ शकतात.

कारणाइतकाच महत्त्वाचा असतो स्नायूवरचा व्रण. तो इकोत दिसत नाही, हृदयाच्या एमआरआयमध्ये दिसतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डीसीएमच्या ४७२ रुग्णांकडे सरासरी पाचेक वर्षं लक्ष ठेवलं गेलं. ज्यांच्या स्नायूत व्रण होते त्यांच्यापैकी सुमारे २७ टक्के या काळात दगावले, व्रण नसलेल्यांपैकी ११ टक्के. म्हणजे सारखाच ईएफ असलेल्या दोन रुग्णांचं भवितव्य वेगळं असू शकतं.

भारतात अडतं कुठे?

औषधं तीच आहेत. तरी आपल्याकडचे आकडे चिंता वाढवणारे आहेत.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने झालेल्या राष्ट्रीय नोंदणीत देशभरातल्या ५३ रुग्णालयांमधल्या १०,८५१ हार्ट फेल्युअर रुग्णांची माहिती गोळा झाली. त्यांचं सरासरी वय ६० च्या आसपास होतं. पाश्चात्त्य देशांत हार्ट फेल्युअरचे रुग्ण साधारण दहा वर्षांनी मोठे असतात. यातले बहुतेक जण ब्लॉकेजमुळे हार्ट फेल्युअर झालेले होते. डीसीएम हे दुसऱ्या क्रमांकाचं कारण होतं, साधारण दर सहा रुग्णांमागे एक.

रुग्णालयात दाखल झाल्यापासून ९० दिवसांत १४ टक्के रुग्ण दगावले. आणि कमी ईएफ असलेल्यांपैकी निम्म्याहून कमी रुग्णांना मार्गदर्शक सूचनांप्रमाणे औषधं मिळत होती.

केरळमधल्या तिरुवनंतपुरममध्ये २०१३ साली दाखल झालेल्या १,२०५ रुग्णांकडे पाच वर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्यातले ५९ टक्के या काळात दगावले. हे आकडे सर्व प्रकारच्या हार्ट फेल्युअरचे आहेत, एकट्या डीसीएमचे नाहीत. पण शिफारस केलेली औषधं घेणारे जास्त जगले, हे दोन्ही ठिकाणी दिसलं.

मग औषधं मिळत का नाहीत? कारणं अनेक आहेत.

पहिलं, डोस. ही औषधं छोट्या डोसने सुरू करून वाढवायची असतात. पण बऱ्याच रुग्णांना डिस्चार्जच्या वेळी लिहून दिलेला छोटा डोसच वर्षानुवर्षं चालू राहतो, कारण गावाहून शहरातल्या डॉक्टरकडे दर पंधरा दिवसांनी येणं परवडत नाही. २०२२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एका चाचणीत डिस्चार्जनंतर दोन आठवड्यांत औषधं पूर्ण डोसपर्यंत नेली आणि तपासण्या वारंवार केल्या. सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण २३ वरून १५ टक्क्यांवर आलं.

दुसरं, खर्च. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या योजनांचा भर रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांवर आहे. पण हा आजार रोजच्या गोळ्यांवर चालतो आणि दरमहा मेडिकलचं बिल बहुतेकांना खिशातून भरावं लागतं. म्हणजे गोळ्या चुकल्यामुळे प्रकृती बिघडली तर दाखल होण्याचा खर्च निघू शकतो, पण ती बिघडू नये म्हणून लागणाऱ्या गोळ्यांचा निघत नाही.

या बाबतीत एक दिलासा मात्र मिळाला आहे. एम्पाग्लिफ्लोझिनचं भारतातलं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं. साठेक रुपयांना मिळणारी एक गोळी काही भारतीय कंपन्यांनी दहा रुपयांच्या आत आणली. डॅपाग्लिफ्लोझिन त्याआधीच स्वस्त झालं होतं. बायसोप्रोलॉल, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन ही जुनी औषधं तर पहिल्यापासूनच स्वस्त आहेत आणि जनऔषधी केंद्रांत आणखी कमी दरात मिळू शकतात. परवडत नाही म्हणून एखादी गोळी सोडून देण्याआधी डॉक्टरांना स्वस्त पर्याय विचारणं केव्हाही चांगलं.

तिसरं कारण सर्वांत साधं आहे. 'ही गोळी आयुष्यभर का घ्यायची' हे कुणी रुग्णाला सांगितलेलंच नसतं.

गोळ्या पुरल्या नाहीत तर?

औषधं योग्य डोसमध्ये किमान तीन महिने घेऊनही ईएफ ३५ च्या वर गेला नाही, तर डॉक्टर यंत्रांचा विचार करतात. काही रुग्णांच्या हृदयाच्या भिंती एकाच वेळी आकुंचन पावत नाहीत, त्यांना तीन तारांचा विशेष पेसमेकर उपयोगी पडतो. काहींना आयसीडी लावतात. ठोके अचानक बिघडले तर हे यंत्र आतूनच शॉक देऊन हृदय ताळ्यावर आणतं.

आयसीडी प्रत्येकालाच हवं असं नाही. डेन्मार्कमधल्या २०१६ च्या चाचणीत ब्लॉकेज नसलेल्या हार्ट फेल्युअर रुग्णांमध्ये आयसीडीने अचानक होणारे मृत्यू निम्मे केले, पण एकूण मृत्यूंमध्ये ठोस फरक दिसला नाही. तरुण रुग्णांना मात्र फायदा जास्त झाला. लाखोंचा खर्च असल्याने 'मला याचा किती उपयोग' हा प्रश्न रुग्णाने जरूर विचारावा.

शेवटचा पर्याय हृदय प्रत्यारोपण. देशातला पहिला प्रयत्न मुंबईत झाला होता. फेब्रुवारी १९६८ मध्ये केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी ही शस्त्रक्रिया केली, पण रुग्ण काही तासच जगला. पहिलं यशस्वी प्रत्यारोपण ऑगस्ट १९९४ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी केलं. आज जगभरात प्रत्यारोपण झालेले निम्म्याहून जास्त रुग्ण बारा वर्षांपेक्षा जास्त जगतात. पण भारतात वर्षाला जेमतेम दोनशे ते अडीचशे हृदय प्रत्यारोपणं होतात. गरज त्याच्या कित्येक पटींनी जास्त आहे. म्हणून बहुसंख्य रुग्णांसाठी खरा उपाय गोळ्यांच्या डब्यातच आहे.

घरातल्या बाकीच्यांनी तपासणी करावी का?

हो. डीसीएमचं कारण स्पष्ट नसेल, तर रुग्णाचे आईवडील, सख्खी भावंडं आणि मुलं यांनी ईसीजी आणि इको करून घ्यावा, अशी शिफारस आहे. या आजारात ईएफ घसरायला लागल्यावरही काही काळ त्रास जाणवत नाही. त्या टप्प्यावर पकडलं तर औषधांचा गुण सर्वांत जास्त येतो. घराण्यात कुणी तरुणपणी 'झोपेतच गेला' किंवा 'खेळता खेळता कोसळला' असं घडलं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

भारतीयांसाठी याला आणखी एक बाजू आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतले शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक संशोधन प्रसिद्ध केलं. हृदयाच्या स्नायूसाठी लागणाऱ्या 'एमवायबीपीसी३' या जनुकातला एक छोटा तुकडा गळालेला असेल, तर कार्डिओमायोपॅथीचा धोका वाढतो, असं त्यात दिसलं. दक्षिण आशियातल्या सुमारे चार टक्के लोकांमध्ये हा बदल असतो, म्हणजे साधारण पंचवीस जणांत एकामध्ये.

यातल्या प्रत्येकाला आजार होतोच असं नाही. अनेकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही, काहींना तो उतारवयात होतो. म्हणून सरसकट सगळ्यांनी जनुकीय चाचणी करण्याची गरज नाही. ती कुणाला हवी, हे कुटुंबाचा इतिहास पाहून ठरतं.

रोजच्या जगण्यात काय सांभाळायचं?

- वजन : रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करून लिहून ठेवावं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नसते, अंगात साठलेलं पाणी असतं. धाप लागण्याची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा.
- मीठ : ताटातल्या भाजीपेक्षा लोणचं, पापड, फरसाण आणि ठेच्यातून जास्त मीठ जातं. सैंधव हेही मीठच आहे. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं. स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांसाठी ते धोकादायक ठरू शकतं.
- अंगदुखीच्या गोळ्या : डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर घेऊ नयेत. त्यांनी अंगात पाणी साठतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो.
- रक्ततपासणी : क्रिएटिनिन आणि पोटॅशियम ठरलेल्या वेळी तपासावं. त्यावरच डोस ठरतो.
- उपवास आणि आजारपण : नवरात्रासारखे कडक उपवास, जुलाब-उलट्या किंवा शस्त्रक्रिया असेल तर काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. कोणत्या आणि किती दिवस, हे आधीच विचारून ठेवावं.
- व्यायाम : प्रकृती स्थिर असेल तर चालणं चांगलं. कायम अंथरुणावर पडून राहण्याचा सल्ला आता जुना झाला.
- साइड इफेक्ट : चक्कर येते, थकवा वाटतो, पुरुषांमध्ये स्पायरोनोलॅक्टोनमुळे छाती दुखते किंवा वाढते. असं झालं तर गोळी बंद करू नये, बदलून मागावी. बहुतेक औषधांना पर्याय आहेत.

मग डॉक्टरांना काय विचारायचं?

'गोळ्या कधी बंद होणार?' या प्रश्नाऐवजी तीन प्रश्न जास्त उपयोगी पडतात. माझं हृदय कशामुळे कमजोर झालं? चारही गटांतली औषधं मला चालू आहेत का, आणि पूर्ण डोसमध्ये आहेत का? माझ्या घरच्यांची तपासणी करायला हवी का?

ठोक्यांच्या दोषासारखं तात्पुरतं कारण पूर्ण दूर झालं असेल, तर काही मोजक्या रुग्णांच्या गोळ्या कमी करण्याचा विचार डॉक्टर करतातही. पण तो निर्णय इको, रक्ततपासणी आणि अनेक महिन्यांच्या देखरेखीसह घेतला जातो.

पन्नास-साठ वर्षांपूर्वी ज्या निदानानंतर बहुतेकांच्या हातात मोजकी वर्षं उरायची, त्याच निदानानंतर आज लोक नोकरी करतात, मुलं मोठी करतात, डोंगर नाही तरी चार जिने चढतात. ५५ टक्क्यांचा तो रिपोर्ट नक्कीच आनंदाचा आहे. फक्त त्या दिवशी रात्रीची गोळी विसरायची नाही.